जॉर्ज बूल आणि आमचा स्टार्टर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी म्हणजे माझ्यासाठी पास होण्यापुरता विषय. त्यामुळे रूममेटने मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लिही म्हणून हट्ट धरला, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं मनात होतं, तो बहुतेक स्वतःच्या जोरावर पाच परक्या भाषा शिकला होता. मग म्हटलं, आपल्याला आपलीच भाषा लिहायला काय हरकत आहे? चुका सांभाळून घ्या.

त्या माणसाचं नाव जॉर्ज बूल. प्रोग्रॅम लिहिताना आपण बूल किंवा बूलियन असं टाईप करतो ना, ते याचंच आडनाव. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये बूलियन अल्जिब्राचं एक आख्खं युनिटच आहे. पण माझी आणि त्याची खरी ओळख तिथे झाली नाही. ती झाली मशीन लॅबमध्ये, मोटरच्या स्टार्टरपाशी. आणि तीसुद्धा ओरलमध्ये फजिती झाल्यावर.

झालं असं की, एस.ई.ला असताना थ्री फेज इंडक्शन मोटरच्या डायरेक्ट ऑन लाईन, म्हणजे डीओएल स्टार्टरची डायग्राम मी जर्नलमध्ये फार सुंदर काढली होती. सीनिअरच्या जर्नलवरून, पट्टी लावून, दोन रंगांच्या पेनांनी. ओरलला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी जर्नल उघडलं, डायग्राम पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. स्टार्टचं बटण दाबलं की मोटर चालते, पण बोट काढलं की लगेच बंद पडते. तर दोष कुठे शोधशील? मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि ओव्हरलोड रिले ट्रिप झाला असेल असं ठोकून दिलं. सरांनी जर्नल माझ्याकडे फिरवलं आणि तो रिले डायग्राममध्ये बोटाने दाखवायला सांगितलं. मला दाखवता आला नाही. स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्रात मला काहीच सापडेना. मी ती डायग्राम काढली होती, वाचली कधीच नव्हती.

त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवरून घरी फोन केला आणि ही ब्रँच माझी नाही असं रडत रडत सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, की तुला येत नाही, की तुला कुणी वाचायला शिकवलंच नाही? मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मामांकडे गेले. आमचे लॅबमधले मामा आय.टी.आय. केलेले, वायरमनचं काम करत इथे आलेले. त्यांनी माझं जर्नल बाजूला ठेवलं, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने तीच डायग्राम काढली आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, कागदावरचं मशीन झोपलेलं असतं. सप्लाय नाही, बटणावर कुणाचं बोट नाही, अशा अवस्थेतलं ते चित्र. उघडा दाखवलेला कॉन्टॅक्ट कायम उघडा राहणार असं नाही. तो फक्त झोपेत उघडा आहे. म्हणूनच त्याला नॉर्मली ओपन म्हणायचं, आणि जो झोपेत मिटलेला तो नॉर्मली क्लोज्ड. दुसरी गोष्ट, नावावरून नातं ओळखायचं. कॉन्टॅक्टरची कॉइल एका ओळीत काढलेली असते, त्याचा छोटा कॉन्टॅक्ट भलतीकडेच आणि मोटरला जाणारे तीन मोठे कॉन्टॅक्ट तर दुसऱ्याच चित्रात. पण नाव एक म्हणजे शरीर एक. कॉइलला सप्लाय मिळाला की त्या नावाचे सगळे कॉन्टॅक्ट एकाच वेळी उलटे होतात. तिसरी गोष्ट, फेजच्या वायरवर बोट ठेवायचं आणि कॉइलपर्यंत चालत जायचं. वाटेत प्रत्येक कॉन्टॅक्टला विचारायचं, आत्ता तू मिटलेला आहेस का?

मी बोट ठेवलं. आधी फ्यूज, मग ओव्हरलोडचा ९५-९६, झोपेत मिटलेला. मग लाल स्टॉप बटण, तेही मिटलेलं. मग हिरवं स्टार्ट बटण, उघडं. आणि त्याला पॅरलल कॉन्टॅक्टरचाच १३-१४ नंबरचा कॉन्टॅक्ट, तोही उघडा. पुढे कॉइल, ए१-ए२. स्टार्ट दाबलं की रस्ता पूर्ण होतो, कॉइल ओढते, १३-१४ मिटतो. आता बोट काढलं तरी सप्लायला हा दुसरा रस्ता आहे, म्हणून मोटर चालू राहते. म्हणजे बोट काढल्यावर मोटर बंद पडत असेल तर दोष १३-१४ मध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये! आणि ओव्हरलोड ट्रिप झाला असता तर मोटर मुळात सुरूच झाली नसती. माझं उत्तर का चुकलं ते मला चोवीस तासांनी, पाठकोऱ्या कागदावर कळलं.

नंतर पी.एल.मध्ये डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स वाचत होते. बूलियन अल्जिब्रा आलं. सिरीज म्हणजे आणि, पॅरलल म्हणजे किंवा, नॉर्मली क्लोज्ड म्हणजे नाही. मी तिथेच थांबले. मामांचा कागद काढला आणि खाली लिहिलं : मोटर चालेल, जर स्टार्ट किंवा होल्डिंग, आणि स्टॉप दाबलेलं नाही, आणि ओव्हरलोड झालेला नाही. आख्खी डायग्राम एका वाक्यात बसली! ज्या माणसाने वाक्याचं असं गणित केलं तो आहे तरी कोण, म्हणून लायब्ररीत जाऊन शोधलं. आणि जे सापडलं ते मला डायग्रामइतकंच आपलं वाटलं.

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावी झाला. चार भावंडांत तो थोरला. वडील जॉन बूल जोडे शिवायचे. पण त्यांचा जीव जोड्यांत कमी आणि दुर्बिणींत जास्त. स्वतः भिंगं घासून दुर्बीण बनवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातून आकाश बघायला बोलवायचं, असा हा गृहस्थ. साहजिकच दुकान कसंबसं चालायचं. पण मुलाला गणिताची आणि यंत्रांची गोडी लागली ती त्यांच्यामुळेच.

शाळेचं शिक्षण जॉर्जला साधंसुधंच मिळालं. लॅटिन शिकायची इच्छा होती, तर गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने सुरुवात करून दिली. ग्रीक तो स्वतःच शिकला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद गावच्या वर्तमानपत्रात छापून आला. तो वाचून एका शिक्षकाने जाहीर शंका घेतली, की एवढ्या लहान मुलाला हे जमणंच शक्य नाही. म्हणजे कॉपी केली असा आरोप तेव्हाही व्हायचा! फरक एवढाच की त्याने खरंच स्वतः केलं होतं, आणि माझं जर्नल खरंच कॉपी होतं.

मग घरची परिस्थिती बिघडली. वडिलांचा धंदा बसला. १८३१ साली, सोळाव्या वर्षी, जॉर्ज डॉन्कॅस्टर गावच्या एका शाळेत सहाय्यक शिक्षक म्हणून नोकरीला लागला. आईवडील आणि धाकटी भावंडं यांची जबाबदारी त्याच्यावर आली आणि पुढे कित्येक वर्षं ती तशीच राहिली. सोळा म्हणजे आपण दहावी झाल्यावर सायन्स घ्यायचं की नाही यावर घरात वाद घालत असतो ते वय. एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसभर मुलांना शिकवायचं आणि रात्री स्वतः शिकायचं, असा त्याचा दिनक्रम.

गणिताकडे तो कसा वळला याची एक गंमत सांगतात. पुस्तकं महाग आणि खिशात पैसे थोडे. कादंबरी घेतली तर दोन दिवसांत संपते. गणिताचं पुस्तक मात्र महिनोन् महिने पुरतं. म्हणून त्याने गणिताची पुस्तकं घेतली! लाक्रोआ या फ्रेंच गणितज्ञाचं कॅल्क्युलसचं पुस्तक त्याने कुणाच्याही मदतीशिवाय, अडखळत, मागे-पुढे करत वाचून काढलं. पुढे लाग्रांज आणि लाप्लास. हो, तोच, आपल्या एम-थ्रीमधला लाप्लास. आपल्याला सर आहेत, क्लास आहेत, सीनिअरच्या नोट्स आहेत, तरी तो डोक्यावरून जातो. हा पोरगा मूळ फ्रेंचमधून एकटा वाचत होता. चांगला शिक्षक असता तर बराच वेळ वाचला असता असं त्यालाही पुढे वाटायचं. पण शिक्षक नव्हता, म्हणून तो थांबला नाही.

डॉन्कॅस्टरला असतानाच, सतरा वर्षांचा असताना, एका शेतातून चालताना त्याच्या मनात एक विचार चमकून गेला, असं त्याच्या पत्नीने पुढे लिहून ठेवलं. निसर्गातल्या गोष्टींना गणिताचे नियम आहेत, तर माणसाच्या विचारालाही तसे नियम का असू नयेत? विचार तिथल्या तिथे पकडता आला नाही. पंधरा-एक वर्षं तो मनातच राहिला.

मधल्या काळात त्याचं नाव होत गेलं. १८४१ पासून केंब्रिजच्या गणिताच्या नियतकालिकात त्याचे लेख छापून येऊ लागले. तिथला संपादक डंकन ग्रेगरी याने त्याला खूप मदत केली. केंब्रिजला जाऊन रीतसर डिग्री घ्यावी हा विचारही पुढे आला. पण शाळा बंद केली तर घर कोण चालवणार? तो गेला नाही. १८४४ साली त्याच्या एका पेपरला रॉयल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हाही तो गावातल्या शाळेचा मास्तरच होता. याच काळात लिंकनमध्ये दुकानात काम करणाऱ्या नोकरांनी रात्री उशिरापर्यंत राबू नये, त्यांना वाचायला आणि शिकायला संध्याकाळ मोकळी मिळावी, यासाठी चाललेल्या चळवळीतही तो पुढे होता. रात्रीच्या त्या दोन तासांचं मोल त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार!

१८४७ मध्ये त्याचं तर्कशास्त्राच्या गणितावरचं छोटंसं पुस्तक आलं. त्याच सुमारास ऑगस्टस डी मॉर्गनचंही तर्कशास्त्रावरचं पुस्तक आलं. हा डी मॉर्गन म्हणजे आपल्या डी मॉर्गन्स थिअरमवालाच. त्याचा जन्म आपल्या मदुराईचा, १८०६ सालचा. दोघांची चांगली मैत्री होती आणि पत्रव्यवहार चालायचा.

दोन वर्षांनी, १८४९ मध्ये, आयर्लंडमध्ये कॉर्क इथे नवीन क्वीन्स कॉलेज सुरू झालं आणि बूलची तिथे गणिताचा पहिला प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. ज्याने कॉलेजात पाऊल ठेवलं नव्हतं, ज्याच्याकडे कुठलीही डिग्री नव्हती, तो थेट प्रोफेसर झाला. ज्या वडिलांमुळे हे सगळं सुरू झालं, ते मात्र हे बघायला नव्हते. ते १८४८ च्या डिसेंबरमध्येच वारले होते.

कॉर्कमध्येच त्याने १८५४ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. विचारांच्या नियमांचा शोध, असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. त्यातली मूळ कल्पना इतकी सोपी आहे की वाचताना हे आपल्यालाही सुचलं असतं असं वाटतं. समजा पांढऱ्या वस्तूंना क्ष म्हटलं आणि मेंढ्यांना य. तर क्ष गुणिले य म्हणजे ज्या दोन्ही आहेत त्या, म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. आता क्ष गुणिले क्ष म्हणजे काय? पांढऱ्यातल्या पांढऱ्या. म्हणजे पुन्हा पांढऱ्याच. एखादी गोष्ट दोनदा सांगितली म्हणून ती दुप्पट होत नाही. म्हणून इथे क्ष चा वर्ग म्हणजे क्षच. नेहमीच्या आकड्यांत हे फक्त दोनच आकड्यांना लागू पडतं, ० आणि १. बूलने ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सगळं असं ठरवलं. आणि १ वजा क्ष म्हणजे क्ष नसलेलं सगळं. झालं! आणि, किंवा, नाही, या तीन शब्दांचं बीजगणित उभं राहिलं.

यात एक जागा अडचणीची होती. बूल दोन गोष्टींची बेरीज तेव्हाच करायचा, जेव्हा त्या एकमेकींत मिसळत नसतील. विल्यम जेव्हन्स नावाच्या तरुणाने १८६३ मध्ये पत्र लिहून त्याच्याशी वाद घातला, की क्ष अधिक क्ष म्हणजेही क्षच धरा. बूलला ते पटलं नाही. पण स्टार्टरपाशी उभं राहिलं की जेव्हन्सचं म्हणणं लगेच पटतं. एकाच मोटरला दोन जागी स्टार्टची बटणं असतील तर ती पॅरलल जोडतात. दोघांनी एकाच वेळी दाबली म्हणून मोटर दुप्पट सुरू होत नाही. १ अधिक १ म्हणजे इथे १ च.

कॉर्कमध्येच त्याला मेरी एव्हरेस्ट भेटली. तिचे मामा त्याच कॉलेजात ग्रीकचे प्रोफेसर होते आणि ती त्यांच्याकडे आली होती. आडनाव ओळखीचं वाटलं ना? तिचे काका जॉर्ज एव्हरेस्ट म्हणजे १८३० ते १८४३ या काळात भारताचे सर्व्हेअर जनरल. जगातल्या सर्वात उंच शिखराला त्यांचंच नाव दिलं गेलं. बूलने मेरीला गणित शिकवलं, पत्रं लिहिली आणि १८५५ मध्ये दोघांचं लग्न झालं. दोघांत सतरा वर्षांचं अंतर होतं. त्यांना पाच मुली झाल्या. तिसरी अ‍ॅलिशिया, हिने चार मितींच्या भूमितीत काम केलं. चौथी ल्यूसी रसायनशास्त्रात गेली. धाकटी एथेल लेखिका झाली. दुसरी मुलगी मार्गारेट हिचा मुलगा म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्समधला जी. आय. टेलर. मेकॅनिकलवाल्यांनी आजोबांना नमस्कार करायला हरकत नाही!

पण हे काही बघायला बूल उरला नाही. १८६४ च्या नोव्हेंबर अखेरीस तो नेहमीप्रमाणे घरून कॉलेजला चालत निघाला. अंतर साधारण ३ मैल. वाटेत धो धो पाऊस लागला. तो तसाच पोचला आणि ओल्या कपड्यांनीच पूर्ण लेक्चर घेतलं. थंडीने न्यूमोनिया झाला आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी तो गेला. वय अवघं एकोणपन्नास. धाकटी मुलगी त्याच वर्षी जन्मली होती. मेरी लंडनला गेली, तिने नोकरी केली, मुलींना वाढवलं आणि लहान मुलांना गणित कसं शिकवावं यावर पुस्तकं लिहिली. १९०१ मध्ये तिने आपल्या जगदीशचंद्र बोसांना एक लांबलचक पत्र लिहिलं. भारतीय विचारांचा तिच्या काकांवर आणि त्यांच्यामार्फत बूलसारख्या गणितज्ञांवर कसा परिणाम झाला, असा त्या पत्राचा विषय होता.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात मोटर कुठे आली? तर आलीच नाही. बूलच्या हयातीत विजेच्या मोटरी होत्या त्या प्रयोगातल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. आज आपल्या लॅबमध्ये आहे तशी थ्री फेज स्क्विरल केज मोटर डोलिवो-डोब्रोवोल्स्की या इंजिनिअरने बनवली १८८९ मध्ये, म्हणजे बूल गेल्यावर पंचवीस वर्षांनी. आपला लाडका टेस्ला जन्मला १८५६ साली, बूलच्या थोरल्या मुलीच्या वर्षी. बूलने कॉन्टॅक्टर पाहिला नाही, पुश बटण पाहिलं नाही. पुढेही सत्तर वर्षं त्याचं बीजगणित बहुतेक करून तर्कशास्त्र आणि गणित शिकणाऱ्यांपुरतंच राहिलं.

दरम्यान मोटरी आल्या, टेलिफोन एक्स्चेंज आली, रिले वाढत गेले. एकेका पॅनेलमध्ये शेकडो कॉन्टॅक्ट. ती सर्किटं लोक अनुभवाने आणि अंदाजाने जोडायचे. जुन्या मिस्त्रीच्या डोक्यात जे असेल ते. मग १९३७ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये क्लॉड शॅनन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी मास्टर्सचा थिसिस लिहीत होता. तो तिथे एका मोठ्या गणनयंत्रावर काम करायचा आणि त्या यंत्राच्या कंट्रोलमध्ये शंभरेक रिले होते. बूलचं बीजगणित तो आधी मिशिगनमध्ये, तेही फिलॉसॉफीच्या वर्गात शिकून आला होता. त्याच्या लक्षात आलं की रिलेचा कॉन्टॅक्ट एक तर मिटलेला असतो नाही तर उघडा, तिसरं काही नाही. म्हणजे हे तर बूलचे ० आणि १! जपान आणि रशियातही त्याच सुमारास काही जणांना हे स्वतंत्रपणे सुचलं होतं. पण शॅननचा पेपर १९३८ मध्ये छापून आला आणि सर्किट जोडायच्या आधी कागदावर गणितासारखं सोडवता येतं हे सगळ्यांना कळलं. गंमत म्हणजे शॅननने मिटलेल्या कॉन्टॅक्टला ० आणि उघड्याला १ म्हटलं होतं, आपल्या अगदी उलट. तरीही सगळे नियम बसतात. ते का, हे ज्यांनी ड्युअ‍ॅलिटी ऑप्शनला टाकली नाही त्यांना विचारा.

हे वाचून झाल्यावर मी लॅबमधल्या डायग्राम पुन्हा काढल्या, पण या वेळी प्रत्येकीखाली तिचं वाक्य लिहिलं. दोन जागी स्टॉपची बटणं असतील तर ती सिरीजमध्ये का? कारण मोटर चालायला पहिलं दाबलेलं नाही आणि दुसरंही दाबलेलं नाही, असं दोन्ही पाहिजे. म्हणजेच पहिलं किंवा दुसरं दाबलंय, असं नाही पाहिजे. अहो, हाच तर डी मॉर्गन! पेपरात पाच मार्कांना रट्टा मारलेला थिअरम समोरच्या लाल बटणात बसला होता. आणि स्टॉप नॉर्मली क्लोज्ड का? कारण वायर तुटली तरी मोटर बंदच पडली पाहिजे. स्टॉप नॉर्मली ओपन ठेवलं असतं, तर वायर तुटल्याचं नेमकं गरजेच्या वेळी कळलं असतं.

एका ठिकाणी मात्र बूलचं गणित एकटं पुरत नाही. होल्डिंगचा कॉन्टॅक्ट हा कॉन्टॅक्टरचाच. म्हणजे मोटर चालू राहील, जर मोटर आधीपासून चालू असेल. तीच गोष्ट वाक्याच्या दोन्ही बाजूंना आली. बूलच्या पांढऱ्या मेंढ्या कालही पांढऱ्या आणि आजही पांढऱ्या. तिथे वेळ नाही. सर्किटमध्ये आधी आणि नंतर आहे. म्हणून तर लाईट जाऊन परत आली की मोटर आपोआप सुरू होत नाही. १३-१४ मधल्या काळात उघडलेला असतो आणि कुणीतरी पुन्हा स्टार्ट दाबावं लागतं. मशीनमध्ये कुणाचा हात असेल तर त्याचा जीव यामुळेच वाचतो. मामांचं बोट नेमकं हेच शिकवत होतं. एक एक पायरी, आधी हे, मग ते.

टी.ई.ला आल्यावर मामांनी माझी परीक्षा घेतली. फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टर होता. मोटर उलटी फिरवायला दोन फेजची अदलाबदल करतात. त्यासाठी दोन कॉन्टॅक्टर. दोन्ही एकदम ओढले तर दोन फेज सरळ शॉर्ट होतील, म्हणून प्रत्येकाच्या कॉइलच्या आधी दुसऱ्याचा नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट. वाक्य असं : रिव्हर्स चालेल, जर रिव्हर्स स्टार्ट किंवा त्याचं होल्डिंग, आणि फॉरवर्ड चालू नाही, आणि स्टॉप नाही, आणि ओव्हरलोड नाही. मामांनी आधीच काहीतरी बिघाड करून ठेवला होता. फॉरवर्ड व्यवस्थित चालत होतं, रिव्हर्सचा कॉन्टॅक्टर पकडतच नव्हता. पॅनेलला हात न लावता फक्त कागद बघून सांगायचं होतं.

मी बोट ठेवलं. फॉरवर्ड चालतंय, म्हणजे फ्यूज, ओव्हरलोड आणि स्टॉप, हा दोघांचा सामाईक रस्ता ठीक. होल्डिंगही नाही, कारण बटण दाबूनसुद्धा पकडत नाही. उरल्या तीन जागा. रिव्हर्सचं स्टार्ट बटण, फॉरवर्डचा नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट आणि रिव्हर्सची कॉइल. मी त्या तिन्ही कागदावर लिहून दिल्या. सप्लाय बंद करून, बंद झाल्याची खात्री करून, मामांनी मल्टीमीटर माझ्या हातात दिलं. बटण ठीक. दुसऱ्या जागी कंटिन्युइटी नाही! कॉन्टॅक्टवर मामांनी कागदाची बारीक घडी सरकवून ठेवली होती. घडी काढून मामांनी कव्हर लावलं, सप्लाय दिला, मी रिव्हर्सचं बटण दाबलं आणि कॉन्टॅक्टर खाडकन् बसला. मामा काही बोलले नाहीत, चहा सांगायला गेले. त्या रात्री परत घरी फोन केला. बाबांनी मागे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

मामांना जॉर्ज बूल माहीत नव्हता. चहा पिताना मी त्यांना सांगितलं, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, डिग्री नाही, एकट्याने वाचून शिकला. त्यांनी कप खाली ठेवला आणि तो किती वर्षांचा असताना कामाला लागला ते विचारलं. मी सोळा सांगितलं. मामा हसले आणि आपणही सोळाव्या वर्षीच लागलो होतो एवढंच म्हणाले.

ज्युनिअर्सना एकच सांगते. सबमिशनच्या आदल्या रात्री माझं जर्नल मागायला जरूर या. पण ते मिळण्याआधी एका पाठकोऱ्या कागदावर बोट ठेवून डायग्राम वाचून दाखवावी लागेल. जमेपर्यंत मी बसेन. मामाही असतातच.